सिद्धांत केसच्या नोंदवहीत कसा उतरवावा

समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते यांच्या नोंदींत एक चूक वारंवार दिसते, ती म्हणजे सिद्धांतातील संज्ञा निदानासारखी लिहिणे. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलर यांच्या मांडणीतला ‘न्यूनगंड’ हा शब्द एकदा नोंदवहीत बसला, की पुढच्या भेटीत सेवार्थीच्या, म्हणजे मदत घ्यायला आलेल्या व्यक्तीच्या, प्रत्येक वाक्यात तोच ऐकू येऊ लागतो. म्हणून सिद्धांत नेहमी अंदाज म्हणून लिहावा आणि तो चुकला असल्यास काय दिसेल, हेही त्याच्याखालच्या ओळीत नमूद करावे.

समजा, नोकरी गेल्यापासून घराबाहेर न पडणारे एक गृहस्थ समोर बसले आहेत. ‘आत्मविश्वास खचला आहे’ ही नोंद खरी असली तरी निरुपयोगी आहे, कारण पुढे काय करायचे ते तिच्यावरून कळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘लोक विचारपूस करतील या धास्तीने बाहेर पडणे टाळतात, टाळल्यावर तेवढ्यापुरते हायसे वाटते, म्हणून टाळणे वाढत जाते. ओळखीचे कोणी भेटणार नाही अशा ठिकाणीही जात नसतील, तर अंदाज चुकीचा.’ अर्थात घरभाडे थकून घर सोडण्याची वेळ आली असेल, तर आधी ती अडचण हाती घ्यावी. डोक्यावरचे छप्पर डळमळत असताना विचारांची तपासणी करायला बसवणे हा उपचार नव्हे.

अंदाज ठरल्यावरच पद्धत निवडावी. नील जेकबसन आणि सहकाऱ्यांच्या १९९६ सालच्या अभ्यासात, नैराश्यावरील बोधात्मक उपचारातला (म्हणजे विचार तपासून बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारातला) केवळ हालचाल आणि दिनक्रम वाढवण्याचा भाग संपूर्ण उपचाराइतकाच परिणामकारक ठरला होता. त्यामुळे या गृहस्थांच्या बाबतीत सुरुवात कृतीपासून करणे सयुक्तिक आहे. मात्र ‘रोज फिरायला जा’ हा सल्ला हवेत विरतो. पीटर गॉलविट्झर यांच्या संशोधनानुसार ‘अमुक झाले की तमुक करायचे’ अशी वेळेशी बांधलेली योजना अधिक पाळली जाते. उदाहरणार्थ, ‘सकाळी दात घासून झाले की चपला घालून जिना उतरायचा.’

यावर ‘हो, पण...’ असे उत्तर दोनदा आले, तर थांबावे. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या प्रेरणादायी मुलाखतीच्या, म्हणजे बदलाची कारणे सेवार्थीच्याच तोंडून येऊ देण्याच्या, पद्धतीचे मर्म इथेच आहे: आपण बदलाची बाजू लावून धरली, की समोरचा माणूस साहजिकच दुसऱ्या बाजूने बोलू लागतो. तेव्हा ‘बाहेर पडलात तर तुमच्या दृष्टीने काय बरे होईल?’ असे विचारून गप्प राहावे. हे गप्प राहणेच सर्वांत अवघड जाते.

प्रगती मोजण्यासाठी पीएचक्यू-९ ही नैराश्याच्या लक्षणांची प्रश्नावली सोयीची आहे. तिच्या नऊ प्रश्नांना ० ते ३ असे गुण असून एकूण गुण जास्तीत जास्त २७ होतात. १० किंवा अधिक गुण आल्यास सविस्तर तपासणी गरजेची ठरते. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या प्रश्नाला, शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले, तर बेरीज बाजूला ठेवून त्याच भेटीत स्पष्ट शब्दांत विचारणा करावी आणि वरिष्ठांना कळवावे.

काही भेटींनंतरही आकडा हलला नाही, तर ‘सेवार्थी सहकार्य करत नाहीत’ असे लिहिण्याआधी पहिल्या भेटीत अंदाजाखाली लिहिलेली ओळ पुन्हा वाचावी.