पिकअप उंच करण्याआधी, मोठे टायर घेण्याआधी

गाडी कशासाठी उंच करायची हे आधी ठरवा. लिफ्ट किटपासून (गाडी उंच करणारे स्प्रिंग, शॉकप आणि पाटे) टायरपर्यंत सगळं त्यावरच ठरतं. सांगोल्याहून डाळिंबाचे क्रेट भरून आणणारी पिकअप आणि सुट्टीच्या दिवशी उजनीच्या काठाला जाणारी पिकअप, या दोन्हींना एकच किट चालत नाही. मागचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, वजनाच्या हिशोबानं घ्यायचे असतात. हौद्यात कायम किती वजन असतं, हे किट विकणारा विचारत नसेल तर तिथून उठा. जड पाटे घातले की रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यात मागून उडते. हलके घातले तर माल भरल्यावर मागची बाजू बसते आणि वाढवलेली उंची गेलीच म्हणून समजा.

दीड-दोन इंचांवर थांबा. इसुझूची व्ही-क्रॉस असो की टोयोटाची हायलक्स, पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. उंची वाढेल तसे चाकाला ताकद देणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचे सांधे तिरपे होतात, रबरी बूट फाटतात, ग्रीस बाहेर आणि धूळ आत. आणखी वर जायचं तर वरचे कंट्रोल आर्म बदलावे लागतात, नाहीतर कॅस्टर (पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागं-पुढं कल) जुळत नाही आणि पुणे हायवेला स्टिअरिंग सारखं सावरत बसावं लागतं. पुढं स्प्रिंग न बदलता नुसता स्पेसर (उंची वाढवणारा ठोकळा) टाकून देतो म्हणणारे भेटतील. स्वस्त पडतं, गाडी उंच दिसते, पण चाकाला खाली जायला जागा कमी उरते. स्प्रिंग, शॉकप आणि पाटे एकाच किटचे घ्या.

आणखी एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही. लिफ्टनं बॉडी वर जाते, मागच्या डिफरन्शियलचा (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) गोळा आहे तिथंच राहतो. पाणंदीतल्या मधल्या उंचवट्यावर घासतो तो हाच गोळा. तो वर जातो फक्त टायरनं, तेही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्यानं. व्ही-क्रॉसच्या 18 इंची रिमवर 255/60 चा टायर येतो (रुंदी 255 मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या 60 टक्के), व्यास साधारण 763 मिलिमीटर. 17 इंची रिमवर 265/70 घातला तर 803. म्हणजे 40 मिलिमीटर व्यास वाढला, गोळा 20 नं वर गेला. सोबत स्पीडोमीटर पाच टक्क्यांनी कमी दाखवणार. काटा 80 वर असेल तेव्हा गाडी 84 नं पळत असते.

आता स्टेपनी. हिच्याबद्दल सविस्तर लिहितो. टायर चार नाही, पाच घ्यायचे. पैशाचा हिशोब पाचाचा करायचा. पाचवा बजेटमध्ये बसत नसेल तर साइज खाली आणा, स्टेपनी सोडू नका. पार्ट-टाइम फोर-व्हीलला (गरजेपुरती चारही चाकांना ताकद देणारी गाडी) पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. लहान व्यासाची जुनी स्टेपनी मागं लावून चिखलात फोर-एच (चारही चाकांचा वेगवान गिअर) टाकलं की ट्रान्स्फर केसवर, म्हणजे ताकद पुढं-मागं वाटणाऱ्या गिअरपेटीवर, ताण येतो. टू-व्हीलमध्ये चालवली तरी दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरत राहतात आणि मागचं डिफरन्शियल अख्ख्या वाटेवर राबतं. रिम बदलली असेल तर पाचवी रिमही तशीच हवी, नटसुद्धा त्याच रिमला बसणारे.

आणि पैसे देण्याआधी तो पाचवा टायर हौद्याखाली प्रत्यक्ष टांगून बघा. सायलेन्सरला लागतो का, टो-हुकला अडतो का, साखळी पूर्ण वर येते का. मोजून नाही, टांगून. गाडी उंच झाल्यावर कंपनीचा जॅक पुरत नाही, तोही गॅरेजमध्येच लावून बघा. आपल्याकडं प्रत्येक पाणंदीला वेडी बाभूळ आहे. काटा शिरणारच, तोही मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, जिथं जॅक खाली रुततो. जाड फळी गाडीतच ठेवा.

टायरची जात: ऑल-टेरेन घ्या, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे. मड टायर डांबरावर गोंगाट करतात, लवकर झिजतात, पावसात ब्रेकला घसरतात. काळी माती ओली असली की ऑल-टेरेनच्या खाचा भरून जातात हे खरं, पण त्या चिखलात पावसाळ्यात मुळात किती दिवस जाणार आहात? लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. 112 म्हणजे एका टायरला 1120 किलो, 116 म्हणजे 1250. बाजूवरचे, टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाचही टायरचे वाचा, कारण जुना माल पाचव्यातच खपवला जातो.

कायद्याचं आधी बघा, नंतर नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून कंपनी त्याच मॉडेलच्या एखाद्या व्हेरियंटला देते तीच साइज घेणं सगळ्यात शहाणपणाचं. लिफ्टबद्दल आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर हीच बाब काढून क्लेम अडवला जाऊ शकतो.

बसवताना समोर उभे राहा. स्टिअरिंग दोन्हीकडं शेवटपर्यंत फिरवून टायर आतल्या प्लास्टिकला किंवा मडगार्डला घासतो का बघा, मग तेच हौद्यात वजन टाकून. चाक खाली लोंबत असताना ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणलेली नको. अलाइनमेंट कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टरसकट, छापील कागद मागून घ्या. हेडलाइट खाली करा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यात जातो. हवा सकाळी टायर थंड असताना बघा, उन्हाळ्यात तर नक्कीच. 500 किलोमीटरनंतर पाटे धरून ठेवणारे यू-बोल्ट पुन्हा आवळा. टायरांच्या जागा आलटून-पालटून बदलताना पाचवाही त्यात घ्या.