मॉडेल इंजिनाचा धूर आणि आवाज खरा वाटावा म्हणून

वाफेच्या इंजिनाचा आवाज चाकाशी बांधलेला असतो. दोन सिलिंडरच्या इंजिनाचं मोठं चाक एकदा फिरलं की चार वेळा ‘भक्’ होतं. हा हिशेब चुकला तर धूर कितीही देखणा असो, इंजिन खेळण्यातलंच वाटतं. त्यामुळे आधी आवाज जुळवा, धूर नंतर.

डब्ल्यूपी या भारतीय ब्रॉडगेज एक्सप्रेस इंजिनाचं मोठं चाक १७०५ मिमी व्यासाचं. एचओ, म्हणजे १:८७ मापात ते १९.६ मिमी भरतं. परीघ साधारण ६१.५ मिमी, म्हणजे इंजिन १५ मिमी सरकलं की एक भक्. चाकाच्या कडेला पांढरा ठिपका द्या, इंजिन स्पीड स्टेप १ वर, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर सोडा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा. दहा फेऱ्यांत चाळीस भक् यायला हवेत. डिकोडर म्हणजे इंजिनातली वेग, दिवे आणि आवाज सांभाळणारी चिप. लोकसाउंड ब्रँडच्या डिकोडरमध्ये सीव्ही ५७ या सेटिंगचा आकडा वाढवला की दोन भकांमधला वेळ वाढतो. त्यात ० भरला तर डिकोडर बाहेरच्या सेन्सरवर चालतो. अशा वेळी मोठ्या चाकाच्या आसावर ९० अंशांवर चार छोटे चुंबक बसवा, चारही चुंबकांचा एकच ध्रुव बाहेरच्या बाजूला. एक जरी उलटा बसला तर साधा हॉल सेन्सर (चुंबक जवळ आला की खूण देणारा) तो ओळखत नाही आणि प्रत्येक फेरीला एक भक् गळतो. लंगडत चालल्यासारखा आवाज आला की आधी हेच तपासा.

स्पीकर टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात बसवा, पण बंद खोक्यात. उघडा राहिला तर पुढच्या आणि मागच्या ध्वनिलहरी एकमेकींना मारतात आणि आवाज पत्र्यासारखा चिरका होतो. खोक्याच्या फटी सिलिकॉनने बुजवा. आवाजाची पातळी कमीच ठेवा: एक मीटरवरून पाहणारा माणूस मापाने ८७ मीटर लांब उभा असतो.

कसारा घाटातला १:३७ चा चढ नाशिककरांना वेगळा सांगायला नको. चढावर भक् जड आणि खोल हवा. इगतपुरीकडून खाली उतरताना मात्र ड्रायव्हर रेग्युलेटर, म्हणजे वाफेचा झडप-दांडा बंद करतो, भकभक थांबते आणि दांड्यांची खणखण तेवढी उरते. बऱ्याच साउंड डिकोडरमध्ये यासाठी वेगळं बटण असतं. उतार लागला की ते दाबा, आणि धूरही बंद करा. नुसत्या एवढ्याने गाडीला वजन येतं.

आता धूर. धुराचं युनिट, म्हणजे धुराड्यात बसणारा तेल तापवून धूर काढणारा छोटा हीटर, घेताना त्यावरचं व्होल्टेज पाहा, ते किती करंट खातं ते मीटरवर मोजा आणि डिकोडरच्या आउटपुटच्या मर्यादेशी ताडून घ्या. १२ व्होल्टवर १५० मिलिअँपिअर म्हणजे १.८ वॉट उष्णता, तीही प्लास्टिकच्या धुराड्यात. म्हणून युनिटभोवती हवेची फट ठेवा. धुरासाठी मिळणारं खास तेल ड्रॉपरने थेंबाथेंबाने घाला. आतली केसासारखी बारीक नळी तेलाच्या वर डोकावत राहिली पाहिजे. ती बुडाली की धूर थांबतो आणि तेलाचे शिंतोडे बॉयलरवर उडतात. असं झालं तर टिश्यू पेपरची वळी करून जास्तीचं तेल टिपून घ्या. कोरडं युनिट चालू ठेवू नका, तार जळते. रॉकेल किंवा खाण्याचं तेल तर कधीच नको: एकाने आग लागू शकते, दुसऱ्याने नळी चिकटते.

धूर दिसायला मागे गडद पडदा आणि बाजूने उजेड लागतो. छताचा पंखा वैशाखातसुद्धा बंदच ठेवा, नाहीतर धूर धुराड्यातून निघाल्या निघाल्या विरतो. खेळ संपल्यावर खिडक्या उघडा आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेलाचा पातळ थर तसाच राहिला तर त्यावर धूळ बसते, चाकांना वीज तुटक मिळते आणि आवाज मध्येच बंद पडतो.