रबर तपासा, मग इअरफोनला नावं ठेवा: या चुका टाळा

ठाण्यात गोखले रोडवरच्या एका दुकानातून अठराशे रुपयांचे वायरवाले इअरफोन आणले आणि पंधरा दिवस नुसता चरफडत होतो. भजनाचं रेकॉर्डिंग लावलं की टाळ कानात टोचायचे आणि पखवाज म्हणजे कुणीतरी पुठ्ठा बडवतंय. फोनच्या इक्वलायझरमध्ये (जाड-बारीक आवाज कमीजास्त करायची सोय) बेस, म्हणजे खर्ज, वर ढकलून पाहिला, तर पुठ्ठा जोरात वाजू लागला. मग एका सकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये, ऐरोली गेल्यावर, शेजारच्याचा खांदा माझ्या डाव्या कानावर दाबला गेला आणि त्या क्षणी पखवाजाचा धुम असा घुमला की मी चमकून त्याच्याकडेच बघितलं. तो बिचारा ‘सॉरी’ म्हणाला. खांदा सरकला, धुम गेला.

इअरफोन ठीकच होते. माझ्या डाव्या कानाला इअरफोनच्या टोकावरचं एम (मध्यम) मापाचं रबर लहान पडत होतं आणि मोठं रबर खोक्यातल्या छोट्या पिशवीत, न उघडलेलं, घरी पडलं होतं.

पहिली चूक: जे लावून आलंय तेच वापरणं

बहुतेक इअरफोनवर एम माप चढवलेलं येतं. ते सरासरी कानासाठी. तुमचा कान तसा असेलच असं नाही. शिवाय उजव्या-डाव्या कानाची भोकं पुष्कळांची सारखी नसतात. एका बाजूला एल (मोठं), दुसऱ्या बाजूला एम लावलं तर त्यात चमत्कारिक काही नाही.

फट राहिली की बेसच का जातो? सायकलचा हातपंप आठवा. वॉशर झिजलेला असेल तर दांडा हळू दाबताना हवा बाजूने निसटते. झपकन दाबला तर थोडी तरी पुढे जाते. खर्जाचा आवाज म्हणजे हवेचा हळू दाब. तो फटीतून निसटतो. टाळ, झांज यांची कंपनं वेगवान, ती पोचतात. म्हणून फट असली की सगळं संगीत बारीक आणि चिरकं लागतं, आणि माणूस दोष देतो कंपनीला.

तपासायची रीत सोपी आहे. पखवाज किंवा डग्गा स्पष्ट असलेलं काहीतरी लावा आणि इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. बेस एकदम वाढला तर रबर लहान आहे किंवा नीट बसलेलं नाही. फरक पडला नाही तर रबर बरोबर आहे. एएनसीवाल्यांनीही (बाहेरचा आवाज दाबणारे इअरफोन) आधी हेच करावं, कारण फट असली की बाहेरची घरघर आत येते आणि एएनसी लंगडं पडतं. काहींच्या ॲपमध्ये फिटिंगची चाचणी असते, तीही करून बघा.

सैल होतं म्हणून लहान माप आत खुपसणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही, आणि दुखणंही याचंच. लहान रबर खोल जातं म्हणून घट्ट बसलं असं वाटतं, पण कडेने फट राहतेच. उलट फार मोठं रबर अर्ध्या तासात कान ठणकवतं. माप बदलायच्या आधी घालायची पद्धत सुधारा. कानाची नळी सरळ नसते, तिला वळण असतं. दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, इअरफोन जरासा फिरवत आत घाला, मग कान सोडा.

फोमच्या टिपांचं (स्पंजासारख्या रबरांचं) तंत्र वेगळं. चिमटीत फिरवून बारीक करायच्या, लगेच घालायच्या आणि फुलेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायच्या. सिलिकॉनसारख्या नुसत्या ढकलल्या तर पैसे वाया.

आवाज टोचतोय?

रबराचं भोक बघा. रुंद भोकाचं रबर टाळ-झांज जास्त उघडी ठेवतं, अरुंद भोकाचं त्यांची धार कमी करतं. फोम तर ती आणखी मऊ करतो. ‘स’ आणि ‘श’ कानाला लागत असतील तर इक्वलायझरआधी हा बदल करून बघा. आवाज गढूळ वाटत असेल तर उलटं करा. इअरफोन किती खोल बसतो यावरही कोणता सूर टोचतो ते बदलतं, त्यामुळे त्याच मापाच्या दुसऱ्या आकाराने वेगळा आवाज आला तर तो भास नाही.

इअरफोनच्या नळीची जाडी न बघता रबर मागवणं

रबर ज्यावर चढतं ती नळी बऱ्याच इअरफोनची पाच-सहा मिलिमीटरची असते, पण शुअर किंवा एटिमोटिकसारख्या कंपन्यांच्या इअरफोनची खूप बारीक. सैल रबर निघून कानातच राहतं. तसं झालं तर हेअरपिनने कोरू नका, सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. वायरलेसवाल्यांनी आणखी एक बघावं: लांब टिप लावल्यावर चार्जिंगच्या डबीचं झाकण बसतं का? इअरफोन डबीतल्या पिनांना टेकला नाही तर चार्ज होत नाही, आणि आपण बॅटरी गेली म्हणून रडत बसतो.

एकाच कानात आवाज कमी

वायरवाले असतील तर उजवा डाव्या कानात आणि डावा उजव्यात घाला. कमी आवाज इअरफोनबरोबर गेला तर बहुधा त्याच्या जाळीत मळ अडकलाय. जाळीचं तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झटका. टाचणी घालू नका. आवाज त्याच कानात कमी राहिला तर फिटिंग बघा, किंवा कानातच मळ असेल.

सिलिकॉनची रबरं काढून कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवावीत, पूर्ण वाळवूनच चढवावीत. फोम भिजवू नये, फक्त पुसावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे जास्त मनावर घ्या: ओल्या कानात बूच बसवलं की आत बुरशीला आयतं घर मिळतं. अंघोळीनंतर थोडं थांबा.

घट्ट बसल्यावर स्वतःची पावलं धपधप ऐकू येतात, चकली खाल्ली तर डोक्यात खडी फुटल्यासारखी वाटते. तो बिघाड नाही, कान बंद झाल्याचा परिणाम आहे. घालताना ‘कट्’ असा आवाज आला तर आत हवा दाबली जातेय, हळू घाला.

माझ्या डाव्या कानात आता एल आहे, उजव्यात एम. धुतल्यावर अदलाबदल होऊ नये म्हणून एका वेळी एकच काढतो. आणि घणसोलीला उतरायचं असलं की रबाळ्यालाच एक बाजू काढून खिशात टाकतो, कारण फिटिंग सुधारल्यापासून दोनदा कोपरखैरण्याला उतरलोय.