लाइन गेली अन् ॲक्सेसची फाइल उघडेना

सोसायटीच्या कापूस-तुरीच्या नोंदी ॲक्सेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये. भर हंगामात लाइन गेली, परत आल्यावर ‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट’, म्हणजे फाइल ओळखता येत नाही, असा संदेश. यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर खेड्यात हे होणारच. लिहिता लिहिता वीज तुटली की फाइलचं पान अर्धवट राहतं.

आधी सगळ्यांना फाइलमधून बाहेर काढलं. फाइलशेजारी ‘एलएसीसीडीबी’ ही कुलपाची फाइल उरली होती; कोणी डेटाबेस उघडला की ती आपोआप बनते. कोणीही आत नाही याची खात्री करूनच ती पुसली. मग मूळ फाइलची प्रत पेनड्राइव्हवर. ही पायरी चुकवू नका, कारण दुरुस्ती करताना बिघडलेल्या नोंदी गळू शकतात.

नंतर ‘डेटाबेस टूल्स’मधून ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ प्रतीवर चालवलं. जमलं नाही. तेव्हा नवी रिकामी फाइल केली, ‘एक्स्टर्नल डेटा’मधून एकेक टेबल आत घेतलं. एकच अडलं, शेतकऱ्यांच्या शेऱ्यांचं. ते जुन्या बॅकअपमधून घेतलं, मधल्या नोंदी पावतीपुस्तकावरून भरल्या. आत घेताना टेबलांमधले संबंध आले का, तेही तपासावं.

खरा दोष मांडणीत होता: एकच फाइल तीन कॉम्प्युटरांवरून, तीही वायफायवर. आता ‘स्प्लिट डेटाबेस’ केलं. टेबलं एका मशीनवर, फॉर्म (नोंदी भरायचे पडदे) प्रत्येकाकडे, जोडणी केबलने. सामायिक फोल्डरला लिहिण्याची आणि पुसण्याचीही परवानगी हवी, नाहीतर कुलपाची फाइल नीट बनत किंवा पुसली जात नाही. ॲक्सेसच्या फाइलची मर्यादा २ जीबी, म्हणून शेतकऱ्यांचे फोटो टेबलात न ठेवता फोल्डरात ठेवले.