थेक्कडीच्या बोटीत पाऊस आला तर? कॅमेऱ्याच्या बाबतीत या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत मुन्नार-थेक्कडी-अलेप्पी करणारे आपल्याकडचे खूप जण असतात आणि त्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात एकच असतं, पावसाळा संपला, आता कसला पाऊस. केरळात तसं नाहीये. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो, तिथले लोक त्याला तुलावर्षम म्हणतात, सकाळी लख्ख ऊन आणि दुपारनंतर ढग भरून येऊन धो धो. आणि आपण थेक्कडीच्या पेरियार तलावातल्या बोटीचं तिकीट नेमकं दुपारचं काढलेलं असतं. पहिली चूक हीच. जमत असेल तर सकाळची पहिली बोट घ्या, प्रकाशही छान असतो आणि प्राणीही जास्त दिसायची शक्यता असते.

गेल्या वर्षी आम्ही दुपारच्याच बोटीत होतो. १८९५ साली मुल्लपेरियार धरण झालं तेव्हा बुडालेल्या जंगलातले काळे बुंधे अजून पाण्यातून वर आलेले दिसतात, त्यावर पाणकावळे पंख पसरून बसले होते, काठावर गवे, आणि दादा फोटो काढत असतानाच सर आली. बोटीला छप्पर असतं पण बाजू उघड्या, पाऊस तिरका आला की मांडीवरचा कॅमेरा भिजतोच. जागेवरून उठता येत नाही, अंगात लाईफ जॅकेट, त्यामुळे कॅमेरा शर्टाच्या आत घालू म्हटलं तरी जात नाही. दादा निवांत होता कारण त्याच्या कॅमेऱ्याला वेदर सीलिंग आहे, म्हणजे पाणी आत जाऊ नये म्हणून सांध्यांना रबर बसवलेलं असतं.

इथेच खूप जण फसतात. सीलिंग बॉडीला, म्हणजे कॅमेऱ्याच्या मुख्य भागाला असलं तरी लेन्सला असेलच असं नाही. लेन्स काढून मागे बघा, धातूच्या कड्याभोवती बारीक रबराची रिंग दिसते का. स्वस्तातल्या ७०-३०० मिमी वगैरे झूम लेन्सना बऱ्याचदा ती नसते, मग पाणी सरळ माउंटमधून, म्हणजे लेन्स बॉडीला जोडते त्या जागेतून आत. शिवाय ज्या लेन्स झूम करताना लांब होतात त्यांची नळी बाहेर आली की तिच्यावर थेंब बसतात आणि झूम मागे घेतला की ते थेंब नळीबरोबर आत ओढले जातात. म्हणून पावसात झूम मागे घेण्याआधी नळी टिपून घ्या. बॅटरीचं दार आणि केबलचं रबरी झाकण नीट बसलंय का ते बोटीत चढायच्या आधीच बघा, रात्री चार्जिंग करून ते झाकण अर्धवट लावलेलं राहून जातं.

रेनकव्हर नसेल तर साधी जाड पारदर्शक पिशवी चालते, पण लोक ती नुसती वरून टाकतात आणि मग ती वाऱ्याने उडत राहते. नीट करायचं असेल तर पिशवीच्या बंद टोकाला लेन्सच्या हूडपेक्षा (लेन्सच्या तोंडावर बसणारी कड) थोडं लहान भोक पाडायचं, हूड त्यातून बाहेर काढून वरून रबरबँड घट्ट लावायचा. मागे व्ह्यूफाइंडरचं, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीचं रबर निघत असेल तर ते काढा, पिशवीला तिथे छोटं भोक पाडा आणि रबर पिशवीच्या वरून परत बसवा, म्हणजे डोळा लावता येतो आणि तिथून पाणीही शिरत नाही. खालचं तोंड उघडंच ठेवा, हात तिथूनच घालायचाय, आणि पूर्ण बंद केलं तर आत वाफ धरते. हे सगळं हॉटेलवर एकदा करून बघा, चालत्या बोटीत ओल्या हाताने जमत नाही.

बोटीत लेन्सचं तोंड कायम खाली, हूड लावलेलाच. लेन्स बदलू नका म्हणजे नकाच. बॅग पायाशी ठेवू नका, बोटीच्या तळाशी पाणी साचतं. समोरची काच रुमालाने घासू नका, आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारा मग मायक्रोफायबरच्या मऊ कापडाने टिपा. बॉडीसाठी मी एक जुना सुती पंचा नेते, त्याच्याइतकं पाणी कुठलंच महागडं कापड शोषत नाही असं माझं मत आहे.

खरं नुकसान होतं ते बोटीतून उतरल्यावर. आपण भिजलेला कॅमेरा तसाच बॅगेत कोंबतो, एसी टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये बसतो, गार झालेला कॅमेरा परत बाहेरच्या दमट हवेत काढतो आणि काचेवर, कधी कधी लेन्सच्या आतही, धुकं बसतं. एसीतून बाहेर येताना कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास राहू द्या. आणि आत पाणी गेल्याची शंका जरी आली तरी चालू होतोय का म्हणून बघू नका. दादाने हॉटेलवर पोचताच फोटो बघायला स्विच ऑन केला, स्क्रीन दोनदा लुकलुकली आणि बंद पडली ती पडलीच. नंतर दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं, बोर्डावर हिरवट डाग पडले होते. पाण्यात वीज खेळली की असं होतं, त्यामुळे सगळ्यात आधी बॅटरी काढायची, मग कार्ड, सगळी झाकणं उघडी ठेवून पंख्याखाली किमान एक दिवस.

तांदळात पुरू नका, त्याची पूड आत जाते आणि पाणी काही तो ओढत नाही. हेअर ड्रायरही नको, गरम हवेने पाणी आणखी आत ढकललं जातं. सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) आणि घट्ट झाकणाचा डबा सोबत न्या, जेल नारिंगी रंगाची घ्या, ओलावा धरला की तिचा रंग बदलतो आणि आपल्याला कळतं. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो बघायला किंवा तारकर्लीला डॉल्फिनसाठी गेलात तर अजून एक काम, तिथे उडणारं पाणी खारं असतं, ते वाळलं तरी मीठ राहतं, त्यामुळे गोड्या पाण्यात घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी आधी पुसायची आणि मग कोरडी करायची.

घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी लेन्समधून टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे, लवकर साफ करून घेतली तर काच वाचते, आणि तोपर्यंत ती लेन्स बाकीच्या लेन्सच्या डब्यात ठेवू नका.