स्टेजवर अकूस्टिक गिटार पत्र्यासारखी वाजते? या चुका टाळा

घरात गोड वाजणारी गिटार हॉलच्या स्पीकरमधून ऐकली की डब्यावर रबरबँड ताणून वाजवल्यासारखी वाटते. मग सगळा राग साउंडवाल्यावर निघतो. माझाही निघायचा. पण बहुतेक वेळा घोळ गिटार आणि मिक्सर यांच्या मधल्या चार हात वायरीत असतो.

बऱ्याच अकूस्टिक गिटारमध्ये सॅडलखाली (तारा गिटारच्या पोटाकडच्या टोकाला जिच्यावर टेकतात ती छोटी पट्टी) पायझो पट्टी असते. ती तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलते. गिटारला प्रीअँप (सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट) नसेल, तर या पायझोला निदान १० लाख ओहम रोधाचा (इंपीडन्सचा) इनपुट लागतो. मिक्सरचा साधा लाइन इनपुट १०-२० हजार ओहमचा. तिथे थेट जॅक खुपसला की बास गळतो आणि उरतो तो किरकिरा आवाज. साउंडवाला बिचारा बास वाढवतो, आणि बास वाढला की स्पीकरचा आवाज परत गिटारमध्ये शिरून ती घुमायला लागते. एका चुकीतून दुसरी अशी जन्मते. मध्ये डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी) लावा, पण तोही बघून. पॅसिव्ह (वीज न लागणाऱ्या) डीआयचा इनपुट साधारण दीड लाख ओहमच्या आसपास असतो, म्हणजे नुसत्या पायझोला तोही अपुराच. तिथे अ‍ॅक्टिव्ह (विजेवर चालणारा) डीआय हवा. गिटारला ९ व्होल्टची बॅटरी लागत असेल, म्हणजे आत प्रीअँप असेल, तर पॅसिव्ह डीआय छान चालतो.

बॅटरीवरून आठवलं. केबल गिटारमध्ये खोचलेली राहिली की प्रीअँप चालूच राहतो, तुम्ही वाजवा अगर चहा प्या. एका कॉलेजच्या गॅदरिंगला मी साउंडचेक करून केबल तशीच ठेवली आणि तीन तासांनी स्टेजवर गेलो. दुसऱ्या कडव्यात आवाज फाटायला लागला. प्रेक्षकांना वाटलं, मुद्दाम डिस्टॉर्शन लावलंय! तेव्हापासून पिशवीत एक नवी बॅटरी असतेच.

आता घुमण्याविषयी. गिटारच्या पोकळीतली हवा साधारण १०० हर्ट्झला जोरात डोलते आणि मोकळी पाचवी तार ११० हर्ट्झची. म्हणून ‘घूंऽऽ’ बहुधा तिथूनच सुरू होतं. लोक व्हॉल्यूम कमी करतात आणि मग गिटार ऐकूच येत नाही. त्याऐवजी साउंडहोलमध्ये (गिटारच्या पोटावरचं गोल भोक) रबरी झाकण बसवा. प्रीअँपवरचं फेजचं (सिग्नल उलटा करणारं) बटण दाबून बघा. ज्या बाजूला घुमणं कमी, ती बाजू ठेवायची. नॉच (एकच सूर दाबणारी सोय) असेल तर घुमणारा सूर शोधून तेवढाच खाली घ्या. मॉनिटरमधला (वाजवणाऱ्याला ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेला स्पीकर) गिटारचा बास निम्मा केला तरी काही बिघडत नाही. गिटारचं तोंड सरळ मॉनिटरकडे करून उभं राहू नका, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

शांत बैठकीत, एकटंच वाजवायचं असेल तर माझं मत माइकच्या बाजूने. बाराव्या फ्रेटकडे (गिटारच्या मानेवरची आडवी धातूची पट्टी) रोखून, वीतभर अंतरावर. साउंडहोलसमोर नको, तिथून नुसती ढबढब येते. ड्रम्स किंवा ढोलकी शेजारी असेल तर मात्र माइकचा नाद सोडा, तो त्यांचाच आवाज जास्त उचलेल. साउंडहोलवर बसणारा मॅग्नेटिक पिकअप (तारेची थरथर चुंबकाने पकडणारा) अशा वेळी बरा, पण नायलॉनच्या तारांवर तो मुकाच राहतो. इलेक्ट्रिक गिटारचा अँप उसना आणला असेल तर परत करा. त्याच्या स्पीकरमध्ये वरचे सूर नीट उमटत नाहीत.

सगळं करूनही एकच तार दबलेली वाटत असेल, तर मिक्सरला हात लावू नका. सॅडल काढून त्याचा तळ सरळ मोजपट्टीवर ठेवून बघा. तो सपाट नसेल, तर पायझोवर प्रत्येक तारेचा दाब वेगळा पडतो. घासून सपाट करायला हात बसलेला नसेल तर गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, कारण जास्त घासलं तर तारा फ्रेटवर खडखडतात आणि मग नवं सॅडल घ्यावं लागतं.