वावरात किंवा गोदामात कोणी घुसलं तर काय करायचं?

यावल तालुक्यात आमचं वावर आहे. एका वर्षी पेरणीच्या तोंडावर शेजारच्या ट्रॅक्टरने बांध कोरला आणि नांगराचे दोन तास (सऱ्या) आमच्या हद्दीत घेतले. वडील म्हणाले, बोलून मिटवू. पोळा गेला, दिवाळी गेली, कापूस वेचून झाला. मग तहसील कचेरीत गेलो, तेव्हा कळलं की सहा महिन्यांची मुदत संपलेली आहे. ही चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी हात आवरा. मालमत्तेच्या बचावाचा हक्क कायदा देतो, पण गरजेपुरताच. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तोही नाही. कुंपणात वीज तर कधीच सोडू नका. त्यात माणूस गेला तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो.

त्याच दिवशी पुरावा धरा. नुसत्या नांगरलेल्या तासाचा जवळून काढलेला फोटो काही सांगत नाही. मागे विहीर, निंबाचं झाड, विजेचा खांब असं न हलणारं काहीतरी दिसू द्या. आजूबाजूच्या दोघांना बोलवून दाखवा. ताजा सातबारा काढा. हद्दीचाच वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या; मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत पुढे फार उपयोगी पडते.

मग पोलीस ठाणे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ इथे लागतं. गुन्हा करण्याच्या किंवा ताबेदाराला धमकावण्याच्या, अपमानित करण्याच्या, त्रास देण्याच्या हेतूने आत शिरणं म्हणजे फौजदारी अतिक्रमण. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. राहतं घर किंवा माल ठेवायची इमारत असेल, तर कैद एक वर्षापर्यंत. म्हणजे केळीच्या बागेपेक्षा एमआयडीसीतल्या गोदामात शिरणं कायद्याला जास्त गंभीर वाटतं. दुकानात गिऱ्हाईक म्हणून आलेला माणूस ‘बाहेर जा’ म्हटल्यावरही त्रास द्यायला ठाण मांडून बसला, तर तोही यात येतो. मुदत संपलेला भाडेकरू मात्र सहसा येत नाही, त्याच्यासाठी दिवाणी मार्ग धरा.

तक्रारीत हेतू नक्की लिहा: काय बोलला, काय तोडलं, आधी कधी बजावलं होतं. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाची वाट न बघता पोलिसांना तो नोंदवून तपास करता येतो. ठाण्यात नोंद करून घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तरीही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

ताबाच गेला असेल तर तहसीलदार. शेतजमिनीसाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. ताबा परत मिळतो, अडथळ्याला मनाईही मिळते, पण अर्ज घटनेपासून सहा महिन्यांच्या आत हवा. दुकान, प्लॉट यांसाठी दिवाणी न्यायालयात विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली दावा लावता येतो. मुदत तीच, सहा महिने. तिथे मालक कोण हे बघत नाहीत, ताबा कोणाचा होता एवढंच बघतात.

गुरं शिरून पीक खाल्लं असेल तर त्यांना मारू नका. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्याने ती धरून २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवता येतात.

अर्ज कुठेही द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.